घसरणारा चेंडू, घरंगळणारा चेंडू

इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली, बेळगाव, कुठून कुठून लोक जोडले गेलेत ते चॅटमध्ये दिसतंय.

आजचा विषय चेंडूचा आहे, पण क्रिकेटच्या नाही. हा चेंडू पोलादी असतो, व्यास साधारण २७ मिलिमीटर, वजन ८० ग्रॅम. पिनबॉलचा चेंडू. तो संगणकाच्या पडद्यावर आला की त्याचं काय होतं, हे आज बघायचंय.

तुमच्यापैकी जे तिशीच्या पुढचे आहेत त्यांनी पिनबॉल नक्की खेळलेला असणार. विंडोज एक्सपी होतं तेव्हा त्यात एक खेळ आयता यायचा. निळसर-जांभळं टेबल, अवकाशयानाचं चित्र, स्पेसबार दाबून धरायचा आणि सोडायचा, मग झेड आणि तिरक्या रेघेच्या कळेनं फ्लिपर हलवायचे. स्पेस कॅडेट. ऑफिसात, सायबर कॅफेत, संगणकाच्या क्लासात सर मागं फिरले की, सगळीकडे तो चालायचा. आता दुसरा प्रश्न विचारते. खरं पिनबॉल यंत्र, काच लावलेलं, पायांवर उभं असलेलं, किती जणांनी हाताळलंय? चॅटमध्ये लिहा. ...दोन. तीन. बरोबर, माझा अंदाज तसाच होता.

म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांना हा खेळ फक्त प्रोग्राममधून माहीत आहे. मी बंगळुरूला मोबाइलवरचे खेळ बनवायचं काम करते, आणि त्यातही माझ्याकडे असतं ते टक्कर शोधण्याचं काम: कुठली वस्तू कुठल्या वस्तूला कधी लागली आणि त्यानंतर काय व्हायला हवं. त्यामुळं मला हा प्रश्न रोजचा आहे. प्रोग्राममधला चेंडू खऱ्यासारखा वागत नसेल तर बिघडतं काय? खेळच तर आहे! माझं म्हणणं असं की बरंच बिघडतं. पिनबॉल हा कौशल्याचा खेळ आहे. चेंडूचं गणित चुकलं की तो नशिबाचा खेळ होतो. आणि ज्यानं खरं यंत्र पाहिलंच नाही त्याला हा बदल कळतही नाही. तो म्हणतो, पिनबॉल म्हणजे दोन्ही कळा बडवत बसायचं, लागला तर लागला.

हा वाद जुना आहे, आणि तो कोर्टकचेरीपर्यंत गेलेला आहे. आपल्याकडे रमी कौशल्याची की नशिबाची यावर सर्वोच्च न्यायालयाला १९६७ साली निकाल द्यावा लागला, आणि तो प्रामुख्यानं कौशल्याच्या बाजूनं लागला. अमेरिकेत पिनबॉलचं तसंच झालं. १९४२ साली न्यूयॉर्क शहरानं पिनबॉलवर बंदी घातली, जुगार म्हणून. महापौर ला गार्डिया यांनी यंत्रं हातोड्यांनी फोडून घेतली. तेव्हाच्या यंत्रांना फ्लिपर नव्हतेच, हे त्या बंदीच्या बाजूनं सांगायला हवं. आपल्या लहानपणीचं बॅगाटेल आठवा, खिळे ठोकलेला लाकडी बोर्ड, दांडा ओढून गोळी सोडायची आणि ती कुठल्या कप्प्यात पडते ते बघत बसायचं. बॅगाटेलला स्प्रिंगचा दांडा लावायचं पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली अमेरिकेत घेतलं, आणि पिनबॉल आला तो त्याच घराण्यातून. फ्लिपर आले १९४७ साली, गॉटलीब कंपनीच्या हम्प्टी डम्प्टी या यंत्रावर. त्यानंतर खेळणाऱ्याच्या हातात काहीतरी आलं. तरी न्यूयॉर्कची बंदी उठायला १९७६ उजाडलं. रॉजर शार्प नावाच्या पत्रकारानं शहराच्या समितीपुढं यंत्र मांडलं, चेंडू कुठल्या वाटेनं जाईल ते आधी बोलून दाखवलं, आणि तिथूनच घालवला.

आता मला सांगा, शार्प यांनी तेच प्रात्यक्षिक एखाद्या वाईट व्हिडिओ गेमवर द्यायचं ठरवलं असतं तर? आधी बोलून दाखवायचीच सोय राहिली नसती.

तर आता चेंडूकडे येऊ. मराठीत दोन छान क्रियापदं आहेत: घसरणं आणि घरंगळणं. कॅरमची सोंगटी घसरते. बोरिक पावडर टाकली की जास्त घसरते. पिनबॉलचा चेंडू घरंगळतो. फरक किरकोळ वाटतो, पण या दोन शब्दांत सगळं आहे.

टेबलाचा उतार साधारण साडेसहा अंशांचा असतो. या उतारावर एखादी वस्तू घर्षणाशिवाय घसरली, तर तिचा वेग दर सेकंदाला १.११ मीटर प्रतिसेकंदानं वाढतो. भरीव गोळा घरंगळला तर तो वाढतो फक्त ०.७९ नं. कारण खाली येताना मिळणारी ऊर्जा दोन ठिकाणी वाटली जाते. सात भागांतले पाच भाग पुढं जाण्यात, दोन भाग स्वतःभोवती फिरण्यात. अकरावीच्या पुस्तकातलंच गणित आहे हे, आपण ते मार्कांपुरतं करतो आणि विसरतो. १०७ सेंटिमीटर लांबीचं टेबल धरा. वरून सोडलेला चेंडू घरंगळत खाली यायला १.६४ सेकंद घेईल, घसरत आला तर १.३९. पाव सेकंदाचा फरक. पाव सेकंद म्हणजे ज्याच्या हाताला सवय आहे त्याच्यासाठी फार मोठा काळ.

कोणी म्हणेल, मग उतार कमी करा, गुरुत्वाकर्षणाचा आकडा बदला, झालं. वेळ जुळेल, खरंय. बहुतेक खेळांत तेच करतात. पण चेंडूची फिरकी कुठून आणणार? भारतीय प्रेक्षकांना फिरकी समजावून सांगायची गरज नाही. खेळपट्टीवर टप्पा पडला की चेंडू आला त्या कोनात जात नाही. पिनबॉलमध्येही तेच. फिरता चेंडू रबराला लागला की रबर त्याला पकडतं, फिरकीचा काही भाग वेगात जातो, वेगाचा काही भाग फिरकीत. कोन बदलतो. आणि प्रोग्राममध्ये चेंडू हा नुसता एक ठिपका असला, तर तो भिंतीला लागल्यावर आरशावरच्या उजेडासारखा परततो. जेवढ्या कोनात आला तेवढ्याच कोनात गेला. बघायला नीटनेटकं दिसतं, पण काही मिनिटांत हाताला कळतं की हे काहीतरी वेगळंच चाललंय. चेंडूला वजन नाही असं वाटतं. खेळणारे त्याला ‘तरंगणारा चेंडू’ म्हणतात, तो शब्द मला फार पटतो.

सुरुवातीच्या लोकांना मी दोष देणार नाही. १९८१ साली बिल बज यांनी ॲपल टू संगणकावर रास्टर ब्लास्टर हा पिनबॉल केला. त्या संगणकाचा प्रोसेसर सेकंदाला साधारण दहा लाख ठोके देणारा, आणि त्याला गुणाकाराची सूचनाच नव्हती. बेरजा करून गुणाकार करायचा! त्यात चेंडू, भिंती, फ्लिपर, आवाज, सगळं बसवायचं. पुढं त्यांनीच पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट केला. त्यात आपण स्वतः टेबल मांडायचं, आणि गुरुत्वाकर्षण, उसळी हे आकडेही आपणच बदलायचे. ही कल्पना मला आजही थोर वाटते. मुलाला भौतिकी शिकवायची असेल तर त्याला गुरुत्वाकर्षणाचा आकडा हलवायला द्या.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रोग्राममध्ये वेळ वाहत नाही, उड्या मारते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं दिसत असतील आणि गणितही तेवढ्याच वेळा होत असेल, तर दोन उड्यांच्या मध्ये साधारण १७ मिलिसेकंद जातात. चेंडू सेकंदाला ३ मीटर वेगानं चालला असेल तर एका उडीत तो ५ सेंटिमीटर पुढं जातो. चेंडूचा व्यास २.७. म्हणजे आत्ता तो तारेच्या अलीकडे आहे आणि पुढच्या उडीत पलीकडे. मधे तो तारेला कधी लागलाच नाही! प्रोग्रामच्या दृष्टीनं टक्कर झालीच नाही. आमच्या धंद्यात याला बोगदा पडणं म्हणतात. चेंडूनं भिंतीतून बोगदा काढला.

यावर उपाय आहेत. एक म्हणजे उड्या लहान करायच्या. दुसरा म्हणजे ‘आता चेंडू कुठं आहे’ असं न विचारता ‘या वाटेनं गेला तर पहिल्यांदा कशाला आणि नेमका कधी लागेल’ असं विचारायचं, आणि वेळ त्या क्षणापर्यंतच पुढं न्यायची. दुसरा उपाय जास्त चांगला आणि जास्त डोकेदुखीचा.

स्पेस कॅडेटची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांमधून तो खेळ गायब झाला तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. मायक्रोसॉफ्टचे अभियंता रेमंड चेन यांनी २०१२ साली त्याचं कारण लिहिलं. खेळ ३२-बिटवरून ६४-बिटवर नेताना चेंडू भुतासारखा वस्तूंच्या आरपार जायला लागला. खेळ सुरू केला की चेंडू दांड्यापाशी यायचा आणि दांड्यातूनच हळूहळू खाली घसरत टेबलाबाहेर जायचा. मूळ प्रोग्राम बाहेरच्या कंपनीचा, त्यात टिपणं जवळजवळ नाहीत, टक्कर शोधणारा भाग नेमका कुठं आहे तेच त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी तो खेळच काढून टाकला. कोट्यवधी लोकांच्या संगणकावरचा खेळ गेला, आणि चेन यांच्या म्हणण्याप्रमाणे तो गेला तो टक्करीच्या गणितापायी. माझ्या खात्यातलं काम आहे म्हणून सांगत नाही, पण हे गणित महत्त्वाचं असतं!

बोगदा पडणं ही तशी उघड चूक आहे, कुणालाही दिसते. न दिसणारी चूक फ्लिपरमध्ये असते. आणि पिनबॉलचं खरंखोटं मी फ्लिपरवरूनच ठरवते.

खऱ्या यंत्रात फ्लिपर म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटरची रबर चढवलेली पट्टी. बटण दाबलं की खाली तारेच्या गुंडाळीत वीज जाते, लोखंडी दांडा आत ओढला जातो, पट्टी वर उसळते. ही सगळी हालचाल सेकंदाच्या दोन-तीन शतांश भागात संपते. आता वरचा हिशेब आठवा. सेकंदाला ६० उड्या असतील तर फ्लिपरचा पूर्ण फटका एक-दोन उड्यांत आटोपला. आधी खाली होता, मग वर आहे. मधलं काही नाही.

आणि पिनबॉलची सगळी नेमबाजी त्या मधल्यात आहे. डाव्या फ्लिपरवर चेंडू मुळाकडून टोकाकडे घरंगळतोय असं समजा. मुळाजवळ असताना मारलात तर तो फटक्याच्या शेवटाला सुटतो आणि डावीकडे जातो. टोकाजवळ असताना मारलात तर तो आधीच सुटतो आणि उजवीकडे पलीकडे जातो. मधले सगळे कोन मधल्या जागांवर. चेंडू तिथं सेकंदाला अर्धा मीटर वेगानं जात असेल तर एका उडीत ८ मिलिमीटर सरकतो. साडेसात सेंटिमीटरच्या पट्टीवर ८ मिलिमीटर म्हणजे दुसराच नेम. तुम्ही बटण बरोबर वेळी दाबलंत, प्रोग्रामनं ते पुढच्या उडीत ऐकलं, आणि चेंडू शेजारच्या वाटेत गेला. तुम्हाला वाटलं, आपलंच चुकलं. शंभरदा असं झालं की माणूस नेम धरायचंच सोडून देतो. मग दोन्ही कळा बडवणं सुरू होतं. मगाशी मी कौशल्याचा खेळ नशिबाचा होतो म्हटलं, ते असं घडतं.

म्हणून व्हिज्युअल पिनबॉल हा जो हौशी लोकांनी सांभाळलेला प्रोग्राम आहे, त्यात चेंडूचं गणित सेकंदाला १००० वेळा होतं. चित्र ६० वेळा काढलं तरी चालतं, गणित १००० वेळा. चेंडू मग एका उडीत अर्धा मिलिमीटर सरकतो. याची सुरुवात रँडी डेव्हिस यांनी २००० साली केली, नंतर तो मुक्त झाला आणि जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. मला त्यातली सर्वांत आवडती सुधारणा कुठली विचाराल, तर फ्लिपरला वजन देणं.

हे जरा उलगडून सांगते. पूर्वी फ्लिपर म्हणजे हलणारी भिंत होती. चेंडू कितीही जोरात येऊन आदळला तरी भिंत ढिम्म. पण खऱ्या फ्लिपरला वजन आहे, तो ज्या शक्तीनं ओढला जातो तिला मर्यादा आहे, आणि जोराचा चेंडू त्याला थोडा मागं रेटू शकतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागं नेतो ना? हात ताठ ठेवले तर चेंडू उसळून बाहेर. पिनबॉलमध्ये पट्टीचे खेळाडू हेच फ्लिपरनं करतात. वेगानं येणारा चेंडू लागायला आणि फ्लिपर वर पोचायला एकच गाठ पडेल असं बटण दाबतात. फ्लिपर धक्का पितो, आणि चेंडू तिथंच मेल्यासारखा पडतो. याला लाइव्ह कॅच म्हणतात. ढिम्म भिंतीवर हे कधीच जमणार नाही. कितीही सराव करा. ते कौशल्य त्या जगात अस्तित्वातच नाही.

तसंच अर्ध्या फटक्याचं. बटण क्षणभर टिचकी मारल्यासारखं दाबलं तर खरा फ्लिपर अर्ध्यावर जाऊन परत येतो आणि चेंडूला हलकेच पलीकडच्या फ्लिपरवर ढकलतो. प्रोग्रामला ‘वर’ आणि ‘खाली’ एवढंच कळत असेल तर टिचकी कुठून येणार? आजच्या व्हिज्युअल पिनबॉलमध्ये गुंडाळीत जोर चढायला किती वेळ लागतो त्याचासुद्धा आकडा आहे. बाहेरच्याला हे वेडेपण वाटेल.

रबराचंही तसंच. हळू आलेला चेंडू रबरावरून बऱ्यापैकी उसळतो. जोरात आलेला त्या मानानं कमी उसळतो, कारण जास्त ऊर्जा रबरातच जिरते. प्रोग्राममध्ये उसळीचा एकच आकडा ठेवला की एक टोक जुळतं आणि दुसरं बिघडतं. फ्लिपर हलवायचाच नाही, चेंडू नुसता आपटून पलीकडच्या फ्लिपरवर जाऊ द्यायचा, ही नवशिक्याला शिकवायची पहिली युक्ती. डोळे मिटून बसायचं धैर्य लागतं तिला! एकच आकडा असलेल्या खेळात ही युक्ती एकदा जमते आणि एकदा दगा देते.

खरं यंत्र मी हाताळलं ते कॅलिफोर्नियात अलामेडाला, पॅसिफिक पिनबॉल म्युझियममध्ये. एकदा तिकीट काढलं की तिथली यंत्रं हवी तितकी खेळता येतात. माझ्या शेजारी एक वयस्कर बाई खेळत होत्या. त्या दोन्ही हातांनी यंत्र हलकेच ढकलत होत्या, पण प्रत्येक वेळी नाही. चेंडू मोकळा घरंगळत असताना त्यांचे हात शांत असायचे. तो रबराला लागायच्या बेतात आला की तेवढा एक धक्का. थोडा वेळ बघितल्यावर मला ते गणितासारखं स्पष्ट दिसलं. यंत्र ढकललं तरी चेंडू ढकलला जात नाही. तो जडत्वानं आपल्या वाटेनं चाललेला असतो, त्याच्याखालून टेबल सरकतं. धक्का चेंडूपर्यंत पोचतो तो कशाला तरी लागला असेल तेव्हाच. बसला धक्का बसला की उभे प्रवासी पडतात, पण ज्यानं दांडी धरली आहे त्याला तो धक्का हातातून कळतो, तसं काहीसं.

अनेक व्हिडिओ गेममध्ये काय करतात? ढकलायची कळ दाबली की चेंडूच्या वेगात थोडा आडवा वेग मिळवून देतात. चेंडू मोकळ्यावर असला तरी वाकडा होतो, जणू वारा आला. मग त्याचा गैरफायदा होऊ नये म्हणून टिल्टची शिक्षा कडक करतात. खऱ्या यंत्रात टिल्ट म्हणजे कड्यात लोंबणारा ओळंबा. फार हलवलं की तो कड्याला टेकतो आणि खेळ बंद. म्हणजे एक खोटी गोष्ट सांभाळायला दुसरी.

इथं एक गोष्ट माझ्या मतानं स्पष्ट सांगते, भांडण झालं तरी चालेल. तरंगणारा चेंडू असलेला प्रत्येक खेळ वाईट नाही. झेन स्टुडिओजची स्वतःची कल्पित टेबलं आहेत, ती त्या तऱ्हेच्या चेंडूसाठीच रचलेली आहेत. लांब रॅम्प, आकाशात फिरणारी वळणं, खऱ्या लाकडावर ती बसणारच नाहीत. तिथं खरेपणा मागणं म्हणजे कार्टूनमधल्या मांजरानं गुरुत्वाकर्षण पाळावं म्हणण्यासारखं आहे. पण खरं टेबल जसंच्या तसं उतरवलंय असं म्हणायचं आणि चेंडू तरंगता ठेवायचा, हे मला मान्य नाही. कारण ते टेबल रचणाऱ्यानं प्रत्येक वाट एका विशिष्ट वजनाच्या, विशिष्ट उताराच्या चेंडूसाठी आखली होती. झेनलाही हे पटलं असावं. २०१८ साली विल्यम्स आणि बॅली यांच्या जुन्या टेबलांचे हक्क त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी या टेबलांसाठी खऱ्या यंत्राच्या जवळ जाणारं वेगळं गणित ठेवलं. आधी हे हक्क फारसाइट स्टुडिओजकडे होते, त्यांच्या पिनबॉल आर्केडमध्ये. मुदत संपली आणि ती सगळी टेबलं त्यांच्या दुकानातून विक्रीला बंद झाली.

त्यांतलंच एक टेबल ट्वायलाइट झोन, १९९३ चं, पॅट लॉलर यांनी रचलेलं. त्यात बाकीच्या पोलादी चेंडूंबरोबर एक पांढरा चेंडू असतो, चिनी मातीच्या जातीचा. तो पोलादी चेंडूपेक्षा हलका, म्हणून चपळ. आणि टेबलात लोहचुंबक आहेत ते बाकीच्या चेंडूंना ओढतात, याला ओळखतच नाहीत. वर एक छोटं टेबल आहे, तिथं फ्लिपरऐवजी चुंबकानं चेंडू उडवायचा असतो. पांढरा चेंडू तिथं गेला तर तुम्ही बटणं दाबत राहा, काही होत नाही. सगळा विनोद, सगळा थरार वजन आणि चुंबकत्व या दोन गोष्टींवर उभा आहे. प्रोग्राममध्ये पांढरा चेंडू नुसता पांढरा रंगवला, तर टेबल दिसेल तसंच, पण लॉलर यांनी जे केलं होतं ते त्यात उरणार नाही. मूळ यंत्रं थोडी राहिली आहेत, रबरं वाळतात, गुंडाळ्या जळतात. आपल्यापैकी बहुतेकांना ट्वायलाइट झोन भेटेल तो पडद्यावरच. म्हणून मला या आकड्यांची एवढी काळजी वाटते.

आता उलट बाजू. गणित अगदी बिनचूक केलं तर खेळ खरा होतो का? नाही होत! खरा चेंडू ओरखडलेला असतो, लाकडावर मेण कमीजास्त असतं, एक पाय जमिनीत किंचित खचलेला असतो. आणि पिनबॉलचं टेबल गोल खुंट्यांनी भरलेलं. गोल खुंटीवर आदळताना केसभर फरक असला तर परतताना तो बोटभर होतो, पुढच्या खुंटीवर हातभर. हवामानाच्या अंदाजाची मर्यादा दाखवणारे एडवर्ड लोरेंझ यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात अराजक समजावून सांगायला पिनबॉलचंच उदाहरण घेतलंय. त्यामुळं बिनचूक प्रोग्राममध्ये एक विचित्र गोष्ट होते. दांडा तेवढाच ओढला की चेंडू प्रत्येक वेळी हुबेहूब त्याच वाटेनं जातो. खेळणारा ती वाट पाठ करतो. म्हणून व्हिज्युअल पिनबॉलमध्ये टक्कर झाली की कोनात मुद्दाम किंचित यादृच्छिक फरक मिसळायची सोय ठेवली आहे. खरेपणासाठी चूक मिसळावी लागते, तीही मापात. जास्त झाली की पुन्हा नशिबाचा खेळ. हे माप कुठल्याही सूत्रातून येत नाही, टेबल बनवणारे खऱ्या यंत्राचे व्हिडिओ बघून बघून ते लावतात.

माझ्या आवडीचं विचाराल तर १९९७ चा प्रो पिनबॉल टाइमशॉक. टेबलाचं चित्र आधीच काढून ठेवलेलं, कॅमेरा जागचा हलत नाही, त्यामुळं संगणकाचा सगळा जोर चेंडूवर. आजच्या कितीतरी चकचकीत खेळांपेक्षा त्यात नेम धरता येतो.

शेवटी, घरी करून बघण्यासारखं. फोनवर कुठलाही पिनबॉल उतरवा आणि गुणांकडे बघू नका. आधी एक फ्लिपर वर धरून ठेवा आणि चेंडू त्यात येऊन स्थिरावतो का बघा. तो थरथरत राहिला तर गणित कच्चं आहे. मग फ्लिपर सोडा, चेंडू टोकाकडे घरंगळू द्या आणि दहा वेळा एकाच वाटेवर नेम धरा. तुमचा हात सुधारत गेला की नेमही सुधारतो का, एवढंच तपासा. पुढं फ्लिपर न हलवता चेंडू पलीकडे आपटून जाऊ द्या. टिचकी मारून बघा. आणि सगळ्यात शेवटी, चेंडू मोकळ्यावर सरळ खाली येत असेल तेव्हा टेबल ढकला. तो वाकडा झाला, तर समजा की त्या खेळात टेबल हललंच नाही, चेंडूच हलवला.

चॅटमध्ये प्रश्न बरेच दिसतायत. पहिला नागपूरहून आहे: कॅरमच्या ॲपमध्येही हीच भानगड असते का? असते. पण तिथं स्ट्रायकर घसरतो, घरंगळत नाही, त्यामुळं गणित निराळं आहे. सांगते.